गरुडाचा सातबारा

आमच्याकडे धनेशाला गरुड म्हणतात. आमच्याकडे म्हणजे खेड तालुक्याच्या पूर्व अंगाला. तिथे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन गड एकाच डोंगररांगेवर, सह्याद्रीला समांतर उभे आहेत. त्यांच्या पायथ्याच्या एका गावात माझा जन्म झाला. 'धनेश' हा पुस्तकी शब्द मला शिक्षक झाल्यावर कळला. 'ककणेर' हे नावही कोकणात ऐकू येते, पण ते बहुधा लहान जातीचे, मलबारी कवड्या धनेशाचे. मोठा तो गरुड. पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. पुराणातल्या गरुडाशी त्याचा संबंध नाही. तो शिकारी पक्ष्यांतलाही नाही, त्याचे मुख्य अन्न फळे. पण पंख पसरून तो दरीवरून जाताना पाहिला की नाव ठेवणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही.

तीन ते चार फूट लांबीचा हा पक्षी. अंग काळे, शेपटी पांढरी आणि तिच्यावर एक काळा आडवा पट्टा. भलीमोठी पिवळी चोच आणि तिच्यावर केशरी-पिवळे शिरस्त्राण. मान खरे तर पांढरी, पण ती पिवळी दिसते, कारण हा पक्षी स्वतःला रंगवतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीतला पिवळा रंग चोचीने घेऊन तो मानेला आणि पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्याला चोपडतो. नराचे डोळे तांबडे, मादीचे पांढरट. दिसण्याच्या आधी तो ऐकू येतो. पंखांच्या मोठ्या पिसांची मुळे खालच्या बाजूने छोट्या पिसांनी झाकलेली नसतात, त्यामुळे त्यांतून हवा जाताना आवाज होतो. कोळशाच्या इंजिनाची गाडी दुरून यावी, तसा. खेडला रेल्वे आली १९९० च्या दशकात. माझ्या आजीने आगगाडी पाहिली नव्हती. ती अंगणात तांदूळ पाखडताना मान वर न करता म्हणायची, "गरुड गेला." आणि खरोखरच तो गेलेला असायचा.

मी पक्षितज्ज्ञ नाही. पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि उरलेल्या वेळात तालुक्याचे जुने कागद वाचले. प्रस्तुत लेखाचा प्रश्न साधा आहे. ज्या तालुक्यातली जुनी राने बहुतेक संपली, तिथे हा पक्षी अजून टिकला कसा? आणि जिथून तो गेला, तिथून कशामुळे गेला? याचे उत्तर रानात मिळेल असे मला वाटत होते. ते मिळाले जमिनीच्या कागदांत.

मुंबईचा विल्यम

आपल्याकडे धनेश सर्वांत प्रसिद्ध झाला तो मुंबईत, तोही एका दारूच्या दुकानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. पुढे संस्थेचे बिऱ्हाड फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या पेढीत आले. १८९४ मध्ये कारवारहून महाधनेशाचे एक पिल्लू तिथे पोचले. त्याचे नाव ठेवले विल्यम. लोखंडी गज लावलेल्या जागेत तो सव्वीस वर्षे राहिला. फळे खायचा, उंदीर खायचा, विंचूही खायचा. फेकलेली वस्तू चोचीत अचूक झेलायचा. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळल्याने तो मेला. आज संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि मुंबईतल्या तिच्या वास्तूचे नावही 'हॉर्नबिल हाउस' आहे.

विल्यमची गोष्ट गोड आहे, ती सांगताना लोक हसतात. पण तिच्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे झाड. सव्वीस वर्षांत त्याला ढोलीची गरज पडली नाही, कारण त्याला जोडीदारीण नव्हती. आणि ढोलीशिवाय धनेशाचा संसार नाही.

ढोली

हा पक्षी घरटे बांधत नाही आणि सुताराप्रमाणे लाकूडही कोरत नाही. त्याला आयती ढोली लागते. फांदी मोडावी, त्या जखमेत पाणी मुरावे, बुरशी लागावी, गाभा कुजावा आणि तीन-चार किलोंपर्यंत वजनाचा पक्षी आत बसेल एवढी पोकळी व्हावी, याला काही दशके जातात. तीही झाड तेवढे जाड असेल तर. म्हणजे लाकूडतोड्याच्या हिशेबात जे झाड निकामी, तेच धनेशाच्या कामाचे.

पौष-माघात जोडी ढोल्या पाहत हिंडते. जागा पसंत पडली की मादी आत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, लाकडाचा भुसा यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, नराच्या चोचीचे टोक जाईल एवढी. आत ती एक किंवा दोन अंडी घालते आणि सुमारे चाळीस दिवस उबवते. याच काळात तिची पंखांची मोठी पिसे झडतात आणि नवी येतात. म्हणजे काही आठवडे ती उडू शकत नाही. तीन-चार महिने तिचे आणि पिलाचे पोट एकटा नर भरतो. तो गळ्याच्या पिशवीत फळे भरून आणतो आणि फटीतून एकेक काढून देतो. त्यांत वड, पिंपळ, उंबर या जातीची फळे सर्वांत जास्त. रानजायफळासारखी मोठ्या बीची फळेही असतात, आणि मधूनमधून एखादा सरडा किंवा पाखराचे पिलू. पिलू अर्धेअधिक वाढले की मादी भिंत फोडून बाहेर येते. पिलू फट पुन्हा लिंपून घेते आणि मग दोघे मिळून त्याला भरवतात. पावसाच्या तोंडावर पिलू उडते.

अण्णामलईच्या जंगलात १९९० च्या दशकात रघुपती कण्णन यांनी या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला, त्यातून यातले बरेच आपल्याला कळले. आमच्या गावाला त्यातले एवढेच ठाऊक होते की शिमग्याच्या सुमारास गरुडाची बायको कोंडून घेते आणि गरुड तिला उंबर नेऊन देतो. नर मारला गेला तर आतल्या दोघांचे काय होणार, हेही गावाला ठाऊक होते. तरीही बाळंतिणीच्या दुखण्यावर आणि सांधेदुखीवर गरुडाची चरबी चांगली म्हणून तो मारलाही जायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला पहिल्या अनुसूचीत घातले. बंदुकीपासून त्याला संरक्षण मिळाले. झाडाचा प्रश्न त्या कायद्याच्या बाहेर राहिला.

१८८० सालचे तीन कागद

रत्नागिरीच्या इतिहासात १८८० हे वर्ष कागदांचे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघाला. त्याच वर्षी जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने केलेली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली गेली. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पाच वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. आणि तिसरा कागद म्हणजे खोती सेटलमेंट कायदा, मुंबई इलाख्याचा १८८० चा पहिला कायदा.

वर्गात मी हे तीन कागद कधी एकत्र शिकवले नाहीत. गॅझेटियर भूगोलाचे, यादी पक्षितज्ज्ञांची, खोती कायदा शेतकरी चळवळीच्या धड्यातला. पण धनेशाच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. पक्ष्यांच्या यादीतून कोणता पक्षी कुठे आढळतो ते कळते. तो ज्या झाडावर राहतो ते झाड कोणाचे, हे कळत नाही. ते कळते खोतीच्या कागदात.

कोकण १८१८ मध्ये कंपनी सरकारकडे आले. १८२० च्या दशकात दक्षिण कोकणचे कलेक्टर डनलॉप यांनी एक जाहीरनामा काढला. लोकांनी झाडे लावावीत म्हणून लोकांच्या धाऱ्यातल्या जमिनीवरील झाडांवरचा सरकारी हक्क त्यात सोडून दिला होता. हेतू चांगला होता. पण लावलेल्या झाडापेक्षा आयते उभे असलेले झाड विकणे सोपे. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता. भरतीच्या पाण्यावर हलकी होडकी दाभोळच्या खाडीतून जगबुडीने खेडपर्यंत येत. म्हणजे डोंगरातला माल बंदरात जायला वाट होती. पुढच्या काळात ठाणे, कुलाबा, कारवारकडे सरकारने मोठी राखीव जंगले आखली. रत्नागिरीत मात्र सरकारी जंगल नगण्य राहिले. आजही या जिल्ह्यातले बहुतेक रान कोणाच्या तरी खासगी मालकीचे आहे.

खेडमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. खोपीहून रघुवीर घाट चढून गेले की पलीकडे कांदाटीचे खोरे लागते. तो भाग कोयना अभयारण्याचा, १९८५ मध्ये घोषित झालेला, आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतला. घाटमाथ्याच्या अलीकडे, खेडच्या बाजूला, सातबाऱ्यांचे राज्य. सकाळी पलीकडे उंबर खाऊन दुपारी अलीकडे येणाऱ्या गरुडाला ही हद्द ठाऊक नसते.

जीर्ण झाड

या सगळ्या कागदांच्या मागे आणखी एक जुना कागद आहे, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे प्रकरण आहे. पर्यावरणदिनाच्या प्रत्येक भाषणात त्याचा उल्लेख होतो, आणि मीही ती भाषणे केली आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. भाषणात आपण इथेच थांबतो आणि टाळ्या पडतात. पण आज्ञापत्र पुढेही काही सांगते. एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन ते तोडून न्यावे.

राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. रयतेवर जुलूम नाही आणि लाकूडही वाया जात नाही. पण निवृत्तीनंतर हे वाक्य पुन्हा वाचताना मी अडखळलो. जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड म्हणजे नेमके ढोलीचे झाड. आमच्या परंपरेतल्या सर्वांत दयाळू कागदातही त्याला वकील नाही.

आणि हे पुढेही तसेच चालले. महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमनाचा कायदा १९६४ चा. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत अशा झाडांची त्यात यादी आहे. आंबा आहे, फणस आहे, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ आहे. हिरडा आहे, बेहडा नाही. सातवीण नाही, सावर नाही, वड-उंबर नाहीत. यादी करणाऱ्यांनी उपयोगाची झाडे मोजली, ते साहजिकच. धनेशाच्या ढोल्या मात्र कोकणात बेहडा, सातवीण, सावर, जुना आंबा अशा झाडांत सापडतात, आणि त्याचे ताट वड-उंबरावर असते. यादीतला एक आंबा सोडला, तर त्याचे घर आणि ताट दोन्ही कायद्याच्या बाहेर.

त्यातला बेहडा तर आधीच बदनाम. नळोपाख्यानात नळाच्या अंगातून निघालेला कली बेहड्यात शिरतो, म्हणून हे झाड अपवित्र ठरले. द्यूताचे फासेही वेदकाळात त्याच्याच फळांचे असत. त्रिफळ्यात त्याचे फळ चालते, पण घराला त्याचे लाकूड कोणी लावत नाही. आमच्या गावात तिन्हीसांजेला बेहड्याखालून मुलांना जाऊ देत नसत. या अपकीर्तीनेच बेहडे म्हातारे होऊ शकले. लाकूड टिकाऊ नाही, झाड शुभ नाही, मग तोडायचे कशाला? फळांच्या पेट्या, वीटभट्ट्या आणि कोळसा यांची मागणी वाढली, तेव्हा हे संरक्षण संपले. कली कोणालाच आठवेना.

माझी सही

आता माझ्याकडे येतो. गावाच्या वरच्या अंगाला आमची वरकस जमीन आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायदाही लागू झाला, आणि आजोबांच्या नावावर लागलेली ही जमीन तीन पिढ्यांत तेवीस हिस्सेदारांची झाली. त्यातले सतरा मुंबईत. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि डोंगरउतारावर आंबा-काजूची कलमे लावायला पैसे मिळू लागले. कोकणाला त्या योजनेने हात दिला, हे मी नाकारणार नाही. आमच्या घरातही काजूच्या पैशांवर एक मुलगी इंजिनिअर झाली. पण कलमे लावायची तर जागा मोकळी हवी.

१९९५ च्या मे महिन्यात मुंबईकर मंडळी आली तेव्हा ओटीवर बैठक झाली. लाकडाचा ठेकेदार आला होता. वरकसातली सगळी झाडे तो एकगठ्ठा घेणार, वर जमीन साफ करून देणार. थोरल्या चुलत्यांनी एकदाच विचारले, "बांधावरचा बेहडा पण का?"

ठेकेदार म्हणाला, "आबा, त्यात काय आहे? आतून पोकळ आहे. मी तर त्याचे पैसेही धरले नाहीत."

कोणीतरी हसले. कागद फिरत माझ्याकडे आला. शिकलेला माणूस म्हणून मी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि सही केली. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांतून मी घराच्या मागच्या पडवीवर पत्रे घातले.

पावसानंतर तोड सुरू झाली. चांगल्या लाकडाची झाडे आधी गेली. बेहड्याला किंमत नव्हती, म्हणून त्याची पाळी शेवटी आली. १९९६ च्या शिमग्याला मी पालखीसाठी गावी गेलो, तेव्हा तो चार दिवसांपूर्वी पाडलेला होता. बुंध्याच्या वरच्या अंगाला ढोली होती आणि तिच्या तोंडाशी वाळलेल्या लिंपणाचा तुकडा अजून चिकटून होता. आत फळांच्या बिया आणि पिसे. एक लांब पांढरे पीस होते, त्यावर काळा पट्टा. मी चुलत्यांना विचारले. ते बराच वेळ विडी वळत बसले.

"होता त्यात जीव," ते म्हणाले. पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

काकी मात्र म्हणाली की तीन दिवस गरुड येत होता. जिथे झाड उभे होते त्या जागेवर घिरट्या घालायचा, शेजारच्या आईनावर बसायचा, गळा भरलेला असायचा. चौथ्या दिवसापासून आला नाही. ते पीस तिने देव्हाऱ्याच्या मागे खोचून ठेवले होते.

त्या वेळी आम्ही कोणताही कायदा मोडत आहोत, असे कोणाच्याही मनात नव्हते. झाड यादीत नव्हते, सह्या तेवीसच्या तेवीस होत्या. आज्ञापत्राच्या कसोटीलाही आमचा व्यवहार उतरला असता. झाड जीर्ण होते आणि धनी राजी होते.

देव आणि भाऊबंदकी

मग गरुड टिकला कुठे? निवृत्तीनंतर मी आमच्या भागातली आठ-दहा गावे पायी फिरलो आणि जिथे जिथे गरुडाची ढोली दाखवली गेली, तिथे ती जमीन कोणाची हे विचारत गेलो. हा शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण उत्तरे दोनच मिळत गेली. जमीन देवाची तरी होती, नाहीतर वादातली.

देवाच्या रानाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून हा शब्द सुशिक्षितांच्याही तोंडी आला. ग्रामदेवतेच्या रानातली काठीही उचलायची नाही, या धाकाने झाडे म्हातारी झाली आणि म्हाताऱ्या झाडांत ढोल्या झाल्या. पण देवराई म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. गेल्या काही दशकांत गावोगाव देवळे सिमेंटची झाली आणि त्या खर्चासाठी कौल लावून देवाचीच झाडे विकली गेली. देवळाच्या जीर्णोद्धारात जीर्ण झाडे गेली.

दुसऱ्या रक्षकाबद्दल मात्र कोणी लिहिलेले नाही. तो म्हणजे भाऊबंदकी. कोकणी माणसाच्या भांडखोरपणावर विनोद पुष्कळ झाले. पण ज्या जमिनीवर दावा चालू आहे, कोर्टाचा मनाई हुकूम आहे, किंवा नुसतेच दोन चुलत घराण्यांत बोलणे बंद आहे, तिथे झाड तोडायला सगळ्या सह्या मिळत नाहीत. झाड उभे राहते, वाढते, पोकळ होते. आमचीच गोष्ट घ्या. ओढ्यापलीकडची दुसरी वरकस आमच्या आणि आमच्या चुलत घराण्याच्या वादात १९८७ पासून अडकली आहे. तिथेही एक बेहडा आहे, दोघांच्या मिठीत न मावणारा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यात गरुडाची जोडी आली. तेव्हापासून एखाद-दुसरे वर्ष वगळता ती येते. आमची माणसे आणि ती माणसे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, पण दोन्ही घरांतली पोरे शिमग्यानंतर ओढ्याच्या आपापल्या काठावर बसून नराच्या खेपा मोजतात.

तडजोड

हा लेख लिहिण्याचे कारण असे की तो वाद आता मिटतो आहे. दोन्हीकडची जुनी माणसे गेली. नव्या पिढीला भांडणात रस नाही, आणि तसा तो नसावाही. पुण्याचा एक खरेदीदार आहे. तडजोडीचा कागद तयार झाला, की कोर्टात दाखल करायचा, मोजणी करून घ्यायची आणि जमीन विकायची. आमच्या बाजूने ज्या सह्या लागतात, त्यांत पहिली माझी.

मी पुतण्याला म्हटले, "बेहडा आणि त्याच्याभोवतीचे दोन गुंठे वगळून व्यवहार करू."

तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता ते पटतं मला. पण असली अट ऐकून गिऱ्हाईक पळेल. आणि कागदावर लिहायचं काय? गरुडाच्या नावाने सातबारा निघतो का?"

वकिलांना विचारले. पक्ष्याच्या नावाने काही लिहिता येत नाही, असे ते म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, "देवाच्या नावाने मात्र ठेवता येईल."

बाहेर इतर वाटाही शोधल्या जात आहेत. अरुणाचलात पक्केच्या जंगलाजवळ पूर्वी शिकार करणारे न्यिशी लोक आता धनेशाच्या ढोल्यांची राखण करतात आणि शहरातली माणसे एकेका ढोलीचा खर्च उचलतात. आपल्याच जिल्ह्यात देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी खासगी जमिनीतल्या आणि देवरायांतल्या ढोल्यांची नोंद करून मालकांशी बोलते. जमीनमालकाला खलनायक न ठरवता त्याच्याशी बोलणे, ही मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते. १९९५ मध्ये आमच्या ओटीवर असे कोणी आले असते, तर मी सही केली नसती असे म्हणणे सोपे आहे. पण घराला पत्रे हवे होते.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की देवाचा धाक घालून काही वाचवू नये, समजून वाचवावे. आता अडुसष्टाव्या वर्षी मी गावाच्या गुरवाकडे जाऊन विचारले, की ओढ्यापलीकडचे दोन गुंठे देवीच्या नावावर दिले तर गाव घेईल का. गुरव म्हणाला, "गुरुजी, गाव घेईल. पण उद्या देऊळ बांधायला काढलं तर तुम्हीच म्हणाल, हा बेहडा विकू नका." मी म्हटले, तेही कागदावर लिहून देऊ. चुलत घराण्यातल्या मोठ्या सुनेला हे कळले, तेव्हा तिने निरोप पाठवला की त्यांच्याकडची सही तिला विचारल्याशिवाय होणार नाही. अडतीस वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला निरोप.

पुतण्याने गिऱ्हाईकाला अजून सांगितलेले नाही. मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. जोडी ढोली पाहायला येते पौषात, म्हणजे मध्ये फार दिवस नाहीत. परवा मी ओढा ओलांडून गेलो आणि बेहड्याच्या बुंध्याला चारही बाजूंनी चुना लावून आलो, मोजणीच्या आधी हद्दीच्या दगडांना लावतात तसा.